पैशासाठी आलाय

"पैशासाठी आलाय हो म्हातारा. पाय तरी उचलतोय का बघा."

हे वाक्य माझ्या मागच्या रांगेतून आलं. 19 नोव्हेंबर 2016, शनिवारची संध्याकाळ, अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल. सामना सुरू व्हायला अजून वेळ होता. खाली मैदानात मुंबई सिटी फुटबॉल संघाची पोरं अंग मोकळं करत होती आणि त्यांच्यात तो सोनेरी केसांचा माणूस, पाठीवर दहा नंबर, एका जागी उभा राहून शांतपणे मांडीचा मागचा स्नायू ताणत होता. दिएगो फोरलान, उरुग्वेचा फॉरवर्ड. बोलणाऱ्याचा स्वर वाईट नव्हता, सहज बोलला होता तो, शेजारी मित्राला. माझ्या बाजूला दादा बसला होता. शेंगदाणा तोंडात टाकायला वर गेलेला त्याचा हात मध्येच थांबला आणि तसाच खाली आला. तो दाणा त्यानं परत पुडीत टाकला. एवढंच. मागे वळूनही पाहिलं नाही. पण नंतर कितीतरी दिवस मला ते वाक्य आठवलं की आधी तो परत ठेवलेला शेंगदाणाच दिसायचा.

दादा तेव्हा मस्कतहून महिन्याभराच्या रजेवर आला होता. नोटबंदीला अकरा दिवस झाले होते. मागच्या रजेत कपाटात ठेवलेल्या पाचशेच्या नोटा आता बँकेत भरण्यापुरत्याच उरल्या होत्या आणि माझ्याकडे दोन हजारांची एक गुलाबी नोट होती, जिचे सुट्टे अख्ख्या अंधेरीत कोणी देत नव्हतं. सकाळी आम्ही दोघं एटीएमच्या रांगेत उभे होतो. तिकिटं मी आधीच ऑनलाइन काढून ठेवली होती म्हणून सामन्याला जाता आलं. आझाद नगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाताना दादा सारखा म्हणत होता, "बारके, खरंच खेळणार आहे न्हवं तो? न्हाईतर नुसता बाकावर बसवतील." अडतीस वर्षांचा माणूस, पण चाल अशी की जणू शाहू स्टेडियमच्या गेटवर पोचायला उशीर झालाय.

आम्ही कोल्हापूरचे. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय ते समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावं आमच्याकडे आडनावांसारखी लागतात. दादा पेठेच्या संघातून सेंटर फॉरवर्ड खेळायचा. किती चांगला खेळायचा हे मला ठाऊक नाही, कारण मी त्याला कधी सामन्यात खेळताना पाहिलंच नाही. तेव्हा आमच्या घरातल्या पोरी स्टेडियमवर जात नसत. मला दिसायचा तो सामन्यानंतरचा दादा. मोरीत बसून लाल मातीचे गुडघे घासणारा, नडगीवर आई हळद लावत असताना ओठ दाबून धरणारा. आणि कानावर यायचा तो गल्लीतून येणारा आवाज, जिंकले की हलगी, हरले की नुसत्या मोटरसायकली.

1999 साली बाबा गेले. मी दहावी पार करून अकरावीत होते. दादा एकवीस वर्षांचा. त्या हंगामात तो काही सामने खेळला आणि मग शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला. फुटबॉलचे बूट माळ्यावर गेले. मला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला त्या वर्षी, 2001 साली, तो मस्कतला गेला. आमच्या गल्लीत तेव्हा लोक म्हणायचे, पोरगं पैशाच्या मागं लागलं. एवढा चांगला खेळत होता, पैशासाठी गेला.

म्हणून तो शेंगदाणा.

त्या संध्याकाळी काय झालं ते आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग बघणाऱ्या बहुतेकांना आठवत असेल. समोर केरला ब्लास्टर्स होते, पुढे त्याच हंगामात अंतिम फेरी गाठणारा संघ, आणि त्यांच्या बाकावर प्रशिक्षक स्टीव्ह कॉपल. पहिल्या पाव तासात फोरलाननं दोन गोल केले आणि उत्तरार्धात तिसरा. मुंबईनं 5-0 असा सामना मारला. माझा धंदाच शरीरं बघायचा आहे, त्यामुळे मी गोलांपेक्षा त्याचं चालणं जास्त पाहत होते. हो, चालणं. नव्वद मिनिटांत तो माणूस फार कमी धावला. दोन्ही हात कमरेवर ठेवून चालायचा, दर तीन-चार पावलांनी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचा, पुन्हा चालायचा. मग अचानक पाच-सहा पावलं अशी टाकायचा की त्याच्यावर लक्ष ठेवणारा बचावपटू उलट्या दिशेला झुकलेला असायचा. कॉर्नर घ्यायला आला की चेंडू दोन्ही हातांनी उचलायचा, जमिनीवर ठेवायचा, पुन्हा उचलून जरासा फिरवून ठेवायचा. सदतिसाव्या वर्षी गुडघ्यातली कूर्चा, पोटरीचा स्नायू, घोटा हे सगळे काय काय बोलत असतात ते मी रोज ऐकते. त्या शरीराला कुठे खर्च करायचं आणि कुठे राखायचं याचा पै-पैचा हिशोब त्याच्याकडे होता. 19 मे 1979 चा जन्म. म्हणजे त्या दिवशी तो बरोबर साडेसदतीस वर्षांचा झाला होता.

तिसऱ्या गोलाला मागचा माणूस बाकावर उभा राहून ओरडत होता, "म्हाताऱ्या, जियो!" दादा बसूनच होता. टाळ्या वाजवत होता, पण बसून. परतीच्या रिक्षात मी न राहवून म्हटलं, "त्या माणसाला बोलायचं होतंस काहीतरी." दादा बाहेर बघत म्हणाला, "काय बोलायचं? पैशासाठीच आलाय की तो. फुकट कोण येतंय गं आपलं घर सोडून?"

रात्री झोप येईना. मोबाइलवर फोरलानबद्दल वाचत पडले. त्याचे गोल माहीत होते, 2010 चा विश्वचषक तर कोण विसरेल, पण माणूस माहीत नव्हता. वडील पाब्लो फोरलान, उरुग्वेकडून 1966 आणि 1974 चे विश्वचषक खेळलेले. आईचे वडील हुआन कार्लोस कोरासो, 1962 च्या विश्वचषकात उरुग्वेचे प्रशिक्षक. अशा घरातलं पोरगं फुटबॉलच खेळणार असं कोणालाही वाटेल. पण लहानपणी हा टेनिसही तितकंच चांगलं खेळायचा आणि त्याचं काय होणार हे ठरलेलं नव्हतं. मग 1991 साली त्याच्या मोठ्या बहिणीचा मोटार अपघात झाला. आलेहांद्रा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या मित्राचा त्या अपघातात जीव गेला. ती वाचली, पण मणक्याला मार लागला आणि ती पुन्हा चालू शकली नाही. दिएगो बारा वर्षांचा होता. त्यानं तिला सांगितलं, मी मोठा फुटबॉलपटू होईन, पुष्कळ पैसे मिळवीन आणि तुला सगळ्यात चांगले डॉक्टर मिळवून देईन.

मी मोबाइल पालथा ठेवला. अंधारात पडून राहिले.

मणक्याला मार म्हणजे काय ते मी सांगू शकते, कारण असे पेशंट मी वर्षानुवर्षं हाताळलेत. पहिले काही महिने दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला, टाचेला, माकडहाडाशी जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. लघवीची नळी, तिचा जंतुसंसर्ग, मग ताप. हवेची गादी. पायाला संवेदना नसते पण पाय मध्येच ताठरतो, थरथरतो, आणि घरच्यांना वाटतं आता हलणार. त्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं की हे ते हलणं नव्हे. या सगळ्याला पैसा लागतो. एकदा नाही, कायम लागतो. पहिल्या महिन्यात नातेवाईक पाकिटं देऊन जातात, सहाव्या महिन्यात फोन येणंही कमी होतं. आणि अशा प्रत्येक घरात एक लहान भाऊ किंवा बहीण असते. बाहेर बाकड्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. तिच्याशी कोणी काही बोलत नाही, पण तिला सगळं ऐकू येत असतं. किती आले, किती लागतील, कोणाकडून आणायचे. असा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मला आठवतो. ताईचे व्यायाम चालू असताना मी तिचे पाय किती वेळा उचलते ते तो बोटांवर मोजायचा. एक दिवस मी कमी वेळा केलं तर बोलला, "मॅडम, आज पाच राहिले." दिएगोबद्दल वाचताना मला तोच मुलगा दिसत राहिला.

अशा मुलाला "पैसा" हा शब्द कसा ऐकू येत असेल?

त्यानंतर मी त्याच्या कारकिर्दीकडे दुसऱ्याच नजरेनं पाहू लागले. अर्जेंटिनात इंडिपेंडिएन्टेकडून गोल करत करत जानेवारी 2002 मध्ये हा पोरगा इंग्लंडला आला, खरं तर मिडल्सब्रोकडे निघालेला, पण ऐन वेळी मँचेस्टर युनायटेडनं उचलला. बावीस वर्षांचा. आणि मग गोलच होईना. एक नाही, दोन नाही, 27 सामने. फॉरवर्डचा हा काय प्रकार असतो हे दादानं मला कधीतरी सांगितलं होतं. गोल होत नसला की पोस्ट लहान दिसायला लागते, आणि घरच्यांचं तोंड बघवत नाही. त्याच काळात, मस्कतला, दादाला एजंटनं सांगितलेली नोकरी मिळालीच नव्हती. दुसऱ्याच कामावर घातला होता, निम्म्या पगारात. कितीतरी महिने घरी फक्त पत्रं आली. "मी मजेत आहे, बारकीच्या फीची काळजी करू नये." ती फी त्या वर्षी आईच्या पाटल्यांवर भरली गेली, हे दादाला दोन वर्षांनी कळलं. अजून तो त्यावर बोलत नाही.

फोरलानचा पहिला गोल सप्टेंबर 2002 मध्ये मक्काबी हैफाविरुद्ध झाला, तोही पेनल्टीवर. नोव्हेंबरमध्ये साउथॅम्प्टनविरुद्ध त्यानं सामन्याच्या शेवटी शेवटी लांबून गोल मारला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढला. मग शर्ट काही केल्या परत अंगात जाईना. बाह्या उलट्या झालेल्या. तोवर खेळ सुरू झाला आणि हा उघड्या अंगानं, शर्ट हातात धरून, समोरच्याच्या पायातला चेंडू काढायला धावतोय! लोक तो व्हिडिओ हसण्यासाठी बघतात. मी बघते तेव्हा मला त्या मुलाची घाई दिसते. इतके दिवस गोल नव्हता, आता झालाय, तर क्षणभर थांबून शर्ट नीट करण्याचीही त्याला सोय नाही. पुढच्याच महिन्यात लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर त्यानं दोन गोल केले आणि युनायटेडच्या लोकांनी त्याच्यावर गाणं रचलं. अजून म्हणतात ते. पण तिथं त्याचं बस्तान काही बसलं नाही. 98 सामने, 17 गोल. 2004 साली वेन रूनी हा नवा फॉरवर्ड आला, हा स्पेनच्या व्हियारेआलला गेला.

आणि स्पेनमध्ये गेल्यावर काय केलं या माणसानं! पहिल्याच हंगामात लीगमध्ये 25 गोल, युरोपातल्या लीगमधल्या सर्वोत्तम गोल करणाऱ्याला मिळणारा सोनेरी बूट, थिएरी ऑन्रीच्या बरोबरीनं. मग अ‍ॅटलेटिको माद्रिद, 2008-09 मध्ये 32 गोल, पुन्हा सोनेरी बूट, या वेळी एकट्याचा. 2010 च्या मे महिन्यात हॅम्बुर्गला युरोपा लीगचा अंतिम सामना, फुलहॅमविरुद्ध, जादा वेळेची चार मिनिटं उरलेली असताना त्याचा सामन्यातला दुसरा गोल, आणि चषक. मँचेस्टरमध्ये ज्याला गोल सापडत नव्हता तो हाच. डावा पाय की उजवा, त्याला फरक पडत नसे. दादाला त्याचं सगळ्यात कौतुक याचंच. "दोन्ही पायांचा फॉरवर्ड म्हणजे दोन पगार असलेलं घर," असं तो म्हणतो.

2010 चा विश्वचषक दादानं मस्कतच्या लेबर कॅम्पमध्ये पाहिला. केरळची पोरं, पाकिस्तानी, बांगलादेशी, सगळ्यांमध्ये एक टीव्ही. मी मुंबईत. नेदरलँड्सविरुद्धची उपांत्य फेरी आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाली. फोरलाननं डाव्या पायानं लांबून मारलेला चेंडू हवेत वळत जाळ्यात गेला आणि दुसऱ्या क्षणाला माझा फोन वाजला. आयएसडी कॉल तेव्हा महाग, दादा कधी दोन मिनिटांच्या वर बोलायचा नाही. त्या रात्री पलीकडून नुसता कॅम्पमधला आरडाओरडा ऐकू येत होता आणि त्यात दादाचा आवाज, "डाव्या पायानं, बारके! डाव्या पायानं!" उरुग्वे हरलं. मग तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीशी सामना. त्यात फोरलाननं अधांतरी असलेला चेंडू असा मारला की मी जागच्या जागी उभी राहिले. तरी 3-2 नं मागे. अगदी शेवटी फ्री किक मिळाली. त्यानं चेंडू दोन्ही हातांनी उचलून ठेवला, मागे आला, मारला. चेंडू आडव्या दांडीला लागला. शिट्टी वाजली. पाच गोल, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल, आणि तेहतीस-चौतीस लाख वस्तीचा देश जगात चौथा. पण मला आठवतो तो त्या दांडीचा आवाज. खरं तर टीव्हीवर तो ऐकूही आला नसेल, वुवुझेला पिपाण्यांच्या गोंगाटात. तरी मला आठवतो.

त्यानंतर वर्षभर देशाकडून त्याचा एकही गोल नाही. आणि मग 2011 च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात, ब्यूनस आयर्सला, पॅराग्वेविरुद्ध दोन. 1959 साली आजोबांनी प्रशिक्षक म्हणून ही स्पर्धा जिंकली होती, 1967 साली वडिलांनी खेळाडू म्हणून. आता नातवानं.

इथं गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. लोकांना अशाच गोष्टी आवडतात. पण तो खेळत राहिला. मिलानमध्ये इंटरकडे, तिथं जमलं नाही. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे. जपानमध्ये सेरेझो ओसाका, जे त्याच हंगामात खालच्या विभागात घसरले. मग घरी, वडिलांच्या पेन्यारोलकडे, तिथं लीगचं विजेतेपद. मग मुंबई. मग हाँगकाँग. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यानं बूट उतरवले.

मी स्वतःशी प्रामाणिक राहायचं ठरवलं तर मला कबूल करावं लागतं की मुंबईला येईपर्यंत बहिणीच्या उपचारांसाठी पैसा मिळवायची गरज त्याला केव्हाच उरली नव्हती. बारा वर्षांच्या मुलाचा शब्द घेऊन सदतीस वर्षांच्या माणसाचं सगळं वागणं समजावता येणार नाही. त्याला खेळायला आवडत असेल. थांबायची भीती वाटत असेल. इतकी वर्षं कमवायची सवय लागलेल्या माणसाला घरी बसणं जमत नाही, हे मी दादाच्या बाबतीत पाहिलंय. माझी फी भरून झाली 2005 साली, माझं लग्न झालं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घराला स्लॅब पडला. दादा मस्कतहून आला तो 2018 साली. मी दर रजेला म्हणायची, "आता बास की दादा." तो म्हणायचा, "अजून एक कॉन्ट्रॅक्ट."

आणि आलेहांद्रा? मी तिच्याविषयीही वाचलं. अनेक बातम्यांत ती फक्त एक कारण म्हणून येते, भाऊ मोठा का झाला याचं कारण. तिनं 2009 साली स्वतःच्या नावानं संस्था काढली, रस्ते अपघात टाळण्यासाठी काम करते. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, जवळजवळ सुटल्यासारखं. कारण होऊन राहणं सोपं नसतं. मी तेवीस वर्षांची असताना पहिला पगार हातात आला, तेव्हा आनंदाच्या आधी मनात आलं ते हे की याची किंमत एका सेंटर फॉरवर्डनं दिलीये आणि मी त्याला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यानं बोलून दाखवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मुंबईचा फोरलानचा शेवट काही गोड झाला नाही. लीगमध्ये मुंबई पहिली आली, उपांत्य फेरीत कोलकात्याशी गाठ पडली. तिथल्या पहिल्या लढतीत त्याला दोन पिवळी कार्डं, म्हणजे लाल. संघ 3-2 नं हरला. अंधेरीतल्या परतीच्या लढतीत तो नव्हताच आणि गोलही झाला नाही. दादा तोवर मस्कतला परतला होता. मी कळवलं तर म्हणाला, "घरच्या मैदानावर शेवटचं खेळायला मिळालं न्हाई गड्याला." त्याच्या आवाजात जे होतं ते फोरलानपुरतं नव्हतं.

आता दादा कोल्हापुरातच असतो. सकाळी गांधी मैदानावर जातो. उजवा गुडघा कुरकुरतो म्हणून मी व्यायाम दिलेत, व्हिडिओ कॉलवर करून घेते. एक उशी गुडघ्याखाली, दहा सेकंद दाबून धर, सोड. कधी मी मोजताना चुकले तर तो म्हणतो, "पाच राहिले बारके."

2024 च्या नोव्हेंबरमध्ये बातमी वाचली. पंचेचाळीस वर्षांचा फोरलान मॉन्टेव्हिडिओत व्यावसायिक टेनिस स्पर्धेत दुहेरीत खेळला. जोडीला अर्जेंटिनाचा फेडेरिको कोरिया, समोर बोलिव्हियाची जोडी. 6-1, 6-2 असा सरळ पराभव. बारा वर्षांच्या मुलानं सोडून दिलेला खेळ तो तेहतीस वर्षांनी परत खेळत होता, आणि आता हरायला त्याला काहीच हरकत दिसत नव्हती. सामन्याचा एक तुकडा मी दादाला पाठवला. वाटलं, अंधेरीची आठवण निघेल, त्या मागच्या रांगेतल्या माणसाची निघेल.

बराच वेळ निळ्या टिका दिसत राहिल्या. मग आवाजातला निरोप आला. मागे मैदानावर पोरांचा गलका ऐकू येत होता. दादा म्हणाला, "भारी. बहीण आल्ती का गं बघायला?"

मी तो तुकडा पुन्हा लावला. या वेळी खेळ सोडून प्रेक्षकांच्या रांगा बघत राहिले, एकेक चेहरा, थांबवून.